आलं, गूळ, तुळस

“आई, सकाळच्या काढ्यात काय घातलं होतंस?”

महेश, माझा मुलगा, दारातच उभा होता. अंगावर नवा कोट, टोपी हातात, पायातले बूटही काढले नव्हते. सकाळचे साडेअकरा वाजले होते. त्या वेळी तो नागोयाहून टोकियोला जाणाऱ्या बसच्या स्टिअरिंगवर असायला हवा होता. त्याची पहिली, एकट्याची बस. त्याच्या मागे सून उभी होती, ऑफिस सोडून आलेली.

“आलं, गूळ, तुळस,” मी म्हणाले.

ते खोटं होतं. चार वर्षं झाली — हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, देवापुढे बसूनही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

मी चौथी शिकलेली बाई. दर वर्षी तीन महिने इथे मुलाकडे येते, नातीला सांभाळते आणि परत कराडला जाते. माझा नवरा ट्रक चालवायचा आणि प्यायचा. त्यातच गेला. महेशने बापाचं स्टिअरिंग घेतलं, बाटली घेतली नाही. पुणे-हैदराबाद अकरा वर्षं लक्झरी चालवली. मग स्वातीला, माझ्या सुनेला, नागोयात कॉम्प्युटरची नोकरी लागली आणि तो तिच्यामागे आला. इथे काय करणार? कारखान्यात जेवणाचे डबे भरायला लागला. भात, लोणचं, माशाचा तुकडा, झाकण. आठ वर्षं.

या आठ वर्षांत त्याने जपानी शिकून घेतलं. स्वयंपाकघरात टेबलावर अक्षरं गिरवायचा आणि नात, ईरा, शेजारी बसून त्याच्या चुका काढायची. “पापा, चिगाऊ!” म्हणजे चुकलं. तो हसून म्हणायचा, “अगं, हैदराबादच्या रस्त्यावर मी कधी चुकलो नाही, आणि इथे एका रेघेला चुकतोय.” मोठ्या गाडीचं लायसन्स दोनदा हुकलं, तिसऱ्यांदा मिळालं. बस कंपनीने घेतलं. तीन महिने मोरी-सान नावाचा म्हातारा ड्रायव्हर शेजारी बसून शिकवत होता. मग ठरलं — सोमवारपासून एकट्याने.

त्याला खोकला झाला होता.

आता तिथली रीत सांगते, नाहीतर कळायचं नाही. बस हातात देण्याआधी तिथे रोज हजेरी असते. ड्रायव्हर साहेबासमोर ताठ उभा राहतो. किती तास झोपलो, तब्येत कशी आहे, ते सांगतो. मग दारू तपासायच्या यंत्राच्या नळीत फुंकतो. यंत्रात नुसतं शून्य यायला हवं. शून्याच्या पुढे काही आलं तर किल्ली नाही. कोण आहेस, किती वर्षांचा अनुभव, कुणी विचारत नाही. महेशने मला हे सगळं पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. “आई, इथे मला खोकल्याची गोळीसुद्धा कंपनीला विचारून घ्यावी लागते. तुझ्या पिशवीतलं काही देऊ नकोस हं.” मी हो म्हणाले होते.

मग का दिलं?

कारण साहेबासमोर खोकला आला असता तर त्याला घरी पाठवलं असतं. कारण रविवारी रात्रभर मी भिंतीपलीकडून त्याचं खोकणं ऐकत होते. आणि खरं सांगू का — कारण मला वाटलं, चाळीस वर्षांच्या पोराला आईपेक्षा जास्त कळतं की काय? कराडहून येताना मी द्राक्षासवाची बाटली आणली होती. तो निघता निघता काढा कोमट केला आणि त्यात अर्धी वाटी ओतलं. आल्याचा तिखटपणा, गुळाची गोडी — त्याला आसवाची चव लागली नाही. उभ्या उभ्या प्यायला, पाया पडला, गेला. डेपो चालत दहा मिनिटांवर.

तुम्ही म्हणाल, अडाणी बाई, तिला काय माहीत आसवात काय असतं. नाही. मला माहीत होतं. गावात दारूबंदीचं वारं होतं तेव्हा माझा नवरा औषधाच्या दुकानातून हीच बाटली आणून उभ्याने संपवायचा. त्याच्या तोंडाचा तो गोडसर वास मला झोपेतही ओळखता यायचा. मी फक्त असं धरून चालले की बाटलीभर प्यायलं तर दारू, वाटीभर घेतलं तर औषध.

यंत्राने तसं धरलं नाही.

चुळा भरायला लावल्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावलं. पुन्हा आकडा आला. मोरी-सान त्याला निरोप द्यायला स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी मुद्दाम आला होता, तो बाजूला उभा होता. प्रवासी बसमध्ये बसलेले. दुसरा ड्रायव्हर धावत आला, बस उशिरा सुटली. महेश कमरेत वाकून उभा राहिला, बस दिसेनाशी होईपर्यंत. हे त्याने मला एकदाच सांगितलं, आणि नंतर कधी नाही.

आदल्या दिवशी बागेत मराठी मंडळींचं जेवण होतं. काहींनी बिअर आणली होती. महेश जवाचा गार चहा पीत होता. पण स्वाती त्या वेळी ईराला घेऊन झोपाळ्याकडे होती. तिने दारात माझं उत्तर ऐकलं — आलं, गूळ, तुळस — आणि त्याच्याकडे पाहिलं. म्हणाली, “मग दारू आभाळातून पडली का?” तिचा काय दोष? तुळशीने कुणाला चढते का?

त्या सकाळी मी घाबरले होते. तेवढंच असतं तर मी हे लिहायला बसले नसते. सून समोर होती. ज्या मी आयुष्यभर दारूच्या नावाने बोटं मोडली, त्या माझ्याच हातून पोराच्या पोटात दारू गेली, हे माझ्या तोंडातून निघेना. म्हटलं, उद्या सांगेन.

तिसऱ्या दिवशी मोरी-सान घरी आला.

सोबत खोक्यात तांदळाची मिठाई घेऊन आला. गुडघे मोडून बसला. हळूहळू बोलत होता, महेश मला मराठीत सांगत होता. तो म्हणाला, मी आजवर शिकवलेल्यांत एकानेही असं केलेलं नाही, महेश-सानही करणार नाही. रविवारपासून त्याच्या पोटात काय काय गेलं ते सगळं लिहून द्या. एखादं औषध असेल तर बाटलीच द्या. मी स्वतः ऑफिसात घेऊन जातो. चुकून झालं असेल तर ते ऐकतील. मग तो माझ्याकडे वळला आणि माझ्यासमोर वाकला. माझ्यासमोर!

बाटली आतल्या खोलीत होती. माझ्या बॅगेत, लुगड्यांखाली. दहा पावलं.

मी चहा केला. कप त्याच्यापुढे ठेवला. महेशने विचारलं, “आई, आठव बरं, अजून काही?” मी म्हणाले, “नाही रे.” तो कागदावर लिहीत गेला. आलं. गूळ. तुळस. खाली सही केली. माझं खोटं आता त्याच्या अक्षरात होतं, ज्या अक्षरांच्या चुका ईरा काढायची. मोरी-सानने कागद वाचला, घडी घातली. त्याला कळलं असणार की या तीन गोष्टींनी यंत्रात आकडा येत नाही. चहा पूर्ण प्यायला आणि गेला. पुन्हा आला नाही.

महिन्याने कंपनीने कळवलं की पुढे ठेवून घेता येणार नाही.

बाटलीचं काय केलं? इथे बाटली गुपचूप फेकताही येत नाही. धुवायची, आरपार दिसणाऱ्या पिशवीत घालायची, ठरलेल्या दिवशी खाली ठेवायची. इमारतीतल्या चार मराठी घरांनी मराठी लेबल वाचलं असतं. मी औषध संडासात ओतलं, बाटली लुगड्यात गुंडाळली आणि कराडला नेऊन उकिरड्यावर टाकली. इतकं सगळं सुचलं मला. एक वाक्य सुचलं नाही.

पहिलं वर्ष तो स्वातीशी भांडला, मी प्यायलो नव्हतो म्हणून. दुसऱ्या वर्षी भांडणं थांबली. पुन्हा डब्यांच्या कारखान्यात जायला लागला होता; तिथून आला की स्वाती त्याच्या तोंडाजवळ नाक न्यायची आणि म्हणायची, “हा कर.” मी नवऱ्याला असंच म्हणायचे. महेश तोंड उघडायचा, मुकाट्याने. ईरा खोलीतून बघायची. मी भाजी चिरायचे.

गेल्या वर्षी एका दुपारी आम्ही दोघंच होतो. तो अचानक म्हणाला, “आई, मला आता आठवतच नाही नीट. बागेत कुणाचा ग्लास मी चुकून उचलला असेल का? बाबांचंच रक्त ना. आपल्याला कळतही नसेल.”

ऐकलंत? जो प्यायला नव्हता तो स्वतःलाच पटवत होता की प्यायलो असेन.

आणि मी? मी म्हणाले, “जाऊ दे आता.”

आता त्याने गाडीच सोडली आहे. भाड्याची लहान गाडी घ्यायची असली तरी स्वाती चालवते, तो मागे ईराजवळ बसतो. मोठ्या रस्त्यावर लांब पल्ल्याची बस शेजारून गेली की तो दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघतो. मी पुढे बसते. मला आरशात दिसतं.

मी भित्री होते असं म्हणून सुटता येत नाही. तिसऱ्या दिवशी मी घाबरले नव्हते. माझा हात चहा ओतताना हललासुद्धा नाही. मला माझं नाव पोरापेक्षा जास्त प्यारं होतं. एवढंच आहे ते.

महेश चव्वेचाळीस वर्षांचा आहे. तो नागोयात जेवणाचे डबे भरतो. त्या दिवशी तो दारू प्यायला नव्हता, त्याच्या आदल्या दिवशी नव्हता, आजवर कधीही नाही. भोगलं ते त्याने.