बुरशी पाळणारी माणसं

आमच्या लॅबमध्ये चार माणसं जमली की प्रयोग राहतो बाजूला, आधी किस्सा होतो. नाशिकमध्ये द्राक्षांवरची बुरशी मारणारे पुष्कळ, पाळणारे आम्हीच. मग किस्से साचणारच!

आमच्या निलेशचे वडील दिंडोरीचे द्राक्षबागायतदार. लेकाचं काम कळल्यावर ते थेट आमच्या प्रमुख वैशाली मॅडमकडे आले. म्हणाले, "मी जल्म घातला बुरशी मारण्यात, अन् माझंच पोरगं तिला पाळतंय."

मॅडमनी त्यांना सातपूरचा प्लॉट दाखवला. शेजारच्या शेडमध्ये पूर्वी लाकूड बुरशी लागून कुजू नये म्हणून आर्सेनिकच्या पाण्यात बुडवायचे. ते विष मातीत मुरलं. मातीतल्या काही बुरशी त्याचं रूप बदलून ते कमी घातक करतात, थोडं वायू होऊन उडूनही जातं. म्हणजे जिला मारायला विष आणलं, तीच आता ते पचवतेय. हल्ली बाबा गावात बुरशीची बाजू घेऊन भांडतात.

त्या वायूला लसणासारखा वास येतो. घोटाळा नको म्हणून आमच्याकडे डब्यात लसूण आणायला सक्त मनाई! निलेश लग्नानंतर पहिल्यांदा सासरी वणीला गेला. आत लसणाची फोडणी पडली आणि याने ताडकन उठून सगळ्या खिडक्या उघडल्या, सासूबाईंना अंगणात नेऊन उभं केलं. त्यांनी लेकीला हळूच विचारलं, "जावईबापू पहिल्यापासून असेच हायेत का?"

सातपूरचा तो प्लॉट सुमनताईंचा. मातीचा पहिला रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी हाताने लावलेली मेथी स्वतःच उपटून टाकली. नंतर आम्ही गेलो की एकच प्रश्न, मेथी कधी लावू? मॅडमनी कधीच खोटी तारीख दिली नाही. आम्ही बुरशी सोडत राहिलो, माती तपासत राहिलो. गेल्या हिवाळ्यात माती पास झाली. मग उगवलेली मेथीही पुन्हापुन्हा तपासली, तीही पास. सांगताना अजून छाती फुगते.

सुमनताईंनी आम्हाला जेवायला बोलावलं. भाकरी, मेथीची भाजी. रिपोर्ट आमचेच, तरी हात कुणाचाच पुढे जाईना. त्या आमच्या ताटांकडे बघत उभ्या होत्या.

मॅडमनी घास घेतला. मग दुसरा. मग पिशवीतून रिकामा डबा काढून सुमनताईंपुढे धरला.

"थोडी यात द्या. लेकीला नेते. डोहाळे लागलेत तिला."