वहीत एकटीचं नाव

माझी ताई कॉलेजच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायची. सात वर्षं, कंत्राटावर. कायम करायची यादी निघणार होती आणि त्यात तिचं नाव पहिलं होतं. मी नववीतच शाळेला रामराम ठोकलेला, त्यामुळे तिथल्या हजारो मार्कशीटांत माझी एकही नाही. तरी सांगतो, कारण ती स्वतः तोंड उघडायची नाही.

पेन ड्राइव्हची वही तिनेच सुरू केली. कुणीही यायचं, काहीही खुपसायचं, व्हायरस शिरायचा. म्हणून नियम झाला: ड्राइव्ह लावायचा तर आधी वहीत नाव, तारीख, सही. हेडक्लार्कने शिक्का मारून तो भिंतीवर चिकटवला. आणि पाळला कुणी? एकट्या ताईने. दर शनिवारी ती सगळ्या मार्कशीटांची कॉपी आपल्या ड्राइव्हवर घ्यायची आणि वहीत लिहायची. बाकीचे गाणी, पिक्चर खुशाल लावायचे.

मग कॉम्प्युटर बिघडला. एक फाइल उघडायला दहा मिनिटं, मध्येच निळा पडदा, डब्यातून टकटक आवाज. ताईने हार्ड डिस्क तपासली. खराब भाग सकाळी चाळीस होते, दुपारी तीनशे.

"साहेब, डिस्क चाललीय. आत्ताच बंद करू, नवी आणू."

"व्हायरस आहे," हेडक्लार्क म्हणाला. "माझा पुतण्या कॉम्प्युटर शिकतो, त्यानेच सांगितलं."

"व्हायरस टकटक करत नाही हो."

"मग काय, आत येऊ का म्हणून विचारतो?"

सगळं ऑफिस खिदळलं. त्याने वही मागवली. पान उलटलं, ताई. दुसरं उलटलं, ताई.

"बाहेरचा ड्राइव्ह लावणारी इथे एकच बाई. लेखी पुरावा आहे."

"साहेब, ती कॉपी..."

"पुरे."

ड्राइव्ह जप्त. यादीतलं नाव कापलं. उद्यापासून येऊ नका.

मी जाऊन त्याच्या स्कूटरची हवा सोडून आलो. ताईने मला पंप देऊन परत पाठवलं. अशी आहे ती!

तिच्या खुर्चीवर पुतण्या बसला. व्हायरस शोधायला त्याने अख्खी डिस्क स्कॅनला लावली, एकदा नाही, चार वेळा. मरणाऱ्याला पळायला लावलं. महिन्याभरात डिस्क बसली आणि ताईला हेडक्लार्कचा फोन आला.

"बाई, तुमच्याकडे कॉपी असेल ना?"

"तुम्ही जप्त केलेल्या ड्राइव्हवर होती."

"तो... घरी नेला मी. पुसून मुलीच्या लग्नाचं शूटिंग भरलं."

"काठोकाठ? जागा उरली असेल तर जुनं थोडं काढता येईल."

"दोनदा."

ताई उठली. मी तिची एक चप्पल लपवली.

"कशाला जातेस त्यांच्या दारात?"

"पोरांच्या मार्कशीट आहेत रे."

"कोण लागतात ती तुझी?"

"कुणी नाही. चप्पल दे."

मीही गेलो सोबत. निघतील त्या फाइली ठेवायला तिने आमच्या घरातली डिस्क घेतली होती. दारातच शिपायाने वही पुढे केली. मान खाली घालून म्हणाला, "ताई, नियम आहे."

तिने नाव लिहिलं, सही केली. मी वाकून बघितलं. तिच्या मागच्या सहीनंतर मधल्या महिन्यात एकही नाव नव्हतं. समोर पुतण्यासाठी आणलेल्या नव्या मशीनला त्याचा ड्राइव्ह लावलेला, दिवा लुकलुकत होता.

"त्याचं नाव कुठाय?" मी ओरडलो.

"गप रे," ताई म्हणाली आणि बंद पडलेल्या डिस्कपाशी बसली.

तीन दिवस तिने एकेक फाइल ओरबाडून काढली. जेमतेम निम्म्या निघाल्या. चहासुद्धा कुणी विचारला नाही.

नंतर शिपाई घरी आला होता. हेडक्लार्कने वर रिपोर्ट पाठवला म्हणे: निम्म्या मार्कशीट माजी कर्मचारी बाईंच्या ड्राइव्हमधल्या व्हायरसने गेल्या. पुरावा म्हणून वहीची झेरॉक्स जोडलीय. सगळ्यात खाली तिची त्या दिवशीची ताजी सही.