मशीनमधलं पाणी
कपड्यांच्या पावडरीचा वास आला की लातूरचा तो उन्हाळा आठवतो. टँकर आठवड्यातून एकदा यायचा. घागरी, पिंपं भरली की सासूबाई माझ्या माहेरून आलेल्या वॉशिंग मशीनमध्येही प्यायचं पाणी साठवत. मी घरात नवी होते. कपड्यांसाठीच भरलंय असं समजून पावडर टाकली. त्या वाकून फेसाकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, “आता समदंच धू.” त्याच पाण्यात आधी पांढरे कपडे, मग रंगीत, शेवटी गोधड्या निघाल्या, उरलेल्या गढूळ पाण्यानं मोरी धुतली. संध्याकाळी त्या घागर घेऊन शेजारणीकडे गेल्या. “मशीन गळकं निघालं बाई, समदं पाणी गेलं,” त्या म्हणाल्या, ते मी दारातून ऐकलं. ते मशीन आजही चालतं. कधी थेंबभरही गळलेलं नाही.