मुंगी न लागणारा अननस

झाशीकर मंडळी, दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. कारण तो सुकवलेला अननस तुमच्यापैकीही कुणी घेतला असेल.

सुक्या फळांमध्ये कीटकनाशक उरलंय का, हे प्रयोगशाळेत तपासणं माझी नोकरी. तरी पंधरा दिवसांपूर्वी बडा बाजारात दुकानदार म्हणाला, "दीदी, खुला रख दो, चींटी तक नहीं लगेगी," आणि मी खूश होऊन अर्धा किलो घेतला. अक्कल बघा माझी!

आज सकाळी ओट्यावर मुंग्यांची रांग साखरेच्या डब्याकडे निघाली होती. वाटेत, आज पहिल्यांदाच काढलेल्या अननसाची उघडी बशी होती. बशीपासून वीतभर लांब राहून, अर्धगोल वळसा घालून ती रांग पुढे जात होती. एकही मुंगी आत वळली नाही.

चार फोडी डबीत घालून लॅबमध्ये नेल्या, वाटल्या, मशीनला लावल्या. दुपारी पडद्यावरची कीटकनाशकाची रेघ जी वर चढली, ती उतरेचना.

उरलेली बशी घरी ओट्यावर तशीच होती. घाईघाईने घरी फोन केला. लेकीचं मराठी इथल्या मुलांसारखंच, अर्धं हिंदी.

"मम्मी, माझ्या जिभेवर मुंग्या चालतायत."

"अगं, थुंक! चूळ भर!"

"आरशात देखा ना मी. एक पण नाहीये."

जिभेला मुंग्या येणं म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

डॉक्टर म्हणतात, वेळेत आणलंत. ती आत झोपलीये.

तुमच्या बशीला मुंग्या लागल्यात ना? आधी उठून बघून या.