डावं आधी

मी असल्या गोष्टी मानत नाही, हे आधीच सांगते. आजही मानत नाही. कमेंटमध्ये कुणी देवी-बिवी काढली तर वाद घालीन...

मी स्त्रीरोगतज्ज्ञ. उमरग्यात हायवेला लागून असलेल्या एका छोट्या हॉस्पिटलात नोकरी करते. मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट, दुपारचे अडीच वाजले असतील. महादेवी (नावं बदललीत) ही पहिलटकरीण, सीमेवरच्या गावची, घरात कन्नड बोलणारी. कळा देऊन देऊन थकली होती. बाळाचं डोकं अगदी खाली आलेलं, पण पुढं सरकेना. बाळाला ओढून घ्यायला मी डोक्याला व्हॅक्यूमचा कप लावला. कप निसटला. पुन्हा लावला, पुन्हा निसटला. बाळाचे ठोके एकशेचाळीसवरून सत्तरवर आले. सिझेरियनसाठी भूल देणारे डॉक्टर सोलापूरहून निघालेले, अजून तासभर लांब.

आमच्या जुन्या शांता सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, फोर्सेप्स हायत की. कुणी वापरत न्हाय, पण म्या दर सोमवारी वाफवून ठेवते."

फोर्सेप्स! आमची पिढी व्हॅक्यूमवर वाढलेली. पळीसारखी ती दोन पाती मी शिकत असताना एकदाच, लांबून बघितली होती. व्हॅक्यूम फसल्यावर ती लावण्यात धोका असतो, हेही माहीत होतं. पण थांबले असते तर बाळ गेलं असतं.

मी उजवं पातं उचललं... आणि मागून, अगदी कानाशी, एका म्हातारीचा शांत आवाज आला — "एडा मोदल, अव्वा."

मी परंड्याची. मला कन्नडचा गंधही नाही. अर्थ कळला नाही, पण माझ्या हातानं उजवं पातं खाली ठेवलं आणि डावं घेतलं. मग उजवं. दोन्ही खट्कन जुळली. ओढायला लागले, तर पुन्हा — "तडी... तडी." मी थांबले. कळ आली तशी ओढलं.

मुलगी. अशी रडली, की औषधाच्या दुकानात उभी असलेली महादेवीची सासू धावत आली.

टाके घालताना महादेवीनं विचारलं, "मॅडम, त्या आजी कुठं गेल्या?"

"कोण आजी?"

"तुमच्या मागं हुत्या की. डावं आधी घाल म्हनल्या... मग थांब म्हनल्या."

खोलीत आम्ही तिघीच होतो. दार आतून बंद. शांता सिस्टरांनी काहीही ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी महादेवीच्या सासूबाई नारळ घेऊन लेबर रूमच्या दारात. सिस्टरही म्हणाल्या, "निदान उदबत्ती तरी लावू द्या." नाही लावू दिली. भास म्हणावा, तर दोघींना एकच कसा? तोही मला न येणाऱ्या भाषेत? खूप डोकं चालवलं, उत्तर नाही. पण उत्तर नाही म्हणून लगेच हात जोडायचे? मी नाही जोडणार. उलट पुढच्या महिन्यात सुट्टी काढून फोर्सेप्स रीतसर शिकून आले. पहिला नियम तोच: डावं आधी, नाहीतर पाती जुळत नाहीत.

बाळंतपणाच्या दुसऱ्याच दिवशी हॉस्पिटलचे मोठे सर मात्र तापले होते. "आजच्या काळात फोर्सेप्स? शिकवलं कुणी तुम्हाला?"

"एका आजींनी."

"नाव काय त्यांचं?"

"माहीत नाही, सर. मुलगी वरच्या खोलीत आहे, दूध पितेय. जाऊन बघून या."