इमारत फिरत असल्याची तक्रार मागे घेण्याबाबत

अर्जदार: मी स्वतः, धंदा सरकारी कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहिणे, राहणार घणसोली गाव, तिसरा मजला, भाड्याने. सामनेवाले: घरमालक, त्याच गावचे मूळ रहिवासी. साक्षीदार: माझी पत्नी व तळमजल्यावरील इस्त्रीवाला. घटनेची वेळ: चालू उन्हाळ्यातील एक सोमवार, सकाळी कूस बदलताना.

त्या सकाळी मी उजव्या कुशीवर वळलो आणि खोली गरगर फिरू लागली. कपाट छताकडे गेले, छत खिडकीकडे. मी गादी घट्ट धरली.

"अगं, इमारत फिरतेय! काहीतरी धर!"

"मी चहा गाळतीय. थेंब सांडला न्हाई. गप पडा."

थोड्याच वेळात फिरणे थांबले. दुसऱ्या दिवशी त्याच कुशीवर पुन्हा तेच. गल्लीपलीकडे नव्या टॉवरच्या पायाचे खोदकाम चालू होते. माझ्यासारख्या अनुभवी माणसास एवढा पुरावा पुरेसा होता. 'सदर इमारत दररोज सकाळी स्वतःभोवती फिरते,' अशी तक्रार मी सामनेवाल्यांस दिली आणि एक प्रत जिन्याच्या दारावर डकवली. प्रत डकवल्याशिवाय तक्रारीस वजन येत नाही.

खालची रिकामी खोली पाहण्यास आलेले नवे जोडपे ती प्रत वाचून पायरीवरूनच परत फिरले. सामनेवाले लुंगी सावरत वर आले.

"मास्तर, माझी बिल्डिंग हलते? दाखवा! नाय दाखवली तर या महिन्यात खोली खाली करायची."

मी रीतसर पंचनामा मांडला. खोलीच्या मधोमध काठोकाठ पाण्याने भरलेली परात ठेवली आणि सर्वांस तिच्याभोवती बसवले. पाणी निश्चल होते. अधिक बारकाईने पाहावे म्हणून मी वाकलो, मान उजवीकडे तिरपी केली. त्यासरशी परात, सामनेवाले, साक्षीदार सगळेच फिरू लागले आणि मी तोंडघशी परातीत पडलो.

"लिहून घ्या," नाकातले पाणी काढीत मी म्हणालो, "पाणी उसळले."

"पानी नाय उसळला, तुमी बुडालात!" सामनेवाले ओरडले.

इस्त्रीवाला हसता हसता भिंतीला टेकला. भिंत हलली नाही, हेही नोंदवा म्हणाला.

संध्याकाळी पत्नीने मला वाशीला कानाच्या डॉक्टरांकडे नेले. तक्रार इमारतीची असून कानाची नाही, हे मी तिला रिक्षात दोनदा समजावले. डॉक्टरीणबाई मुलीच्या वयाच्या. त्यांनी माझी मान उजवीकडे वळवली आणि मला झटकन असे आडवे केले की डोके पलंगाबाहेर लोंबले. दवाखानाही फिरू लागला. मी त्यांचा कोट पकडला. त्या माझे डोळे पाहत होत्या.

"काका, कानात आत तोल सांभाळणारे बारीक कण असतात. तुमच्या उजव्या कानातले काही आपली जागा सोडून नळीत शिरलेत. कूस बदलली की ते सरकतात, आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय."

"म्हणजे अतिक्रमण."

"अं... हो. चला, हटवूया."

त्यांनी माझी मान हळूहळू डावीकडे वळवली, मग मला अख्खे डाव्या कुशीवर घेतले, मग उठवून बसवले. नोटीस नाही, बंदोबस्त नाही! दुसऱ्या सकाळी मी भीत भीत उजवीकडे वळलो. कपाट जागेवर होते.

उठताना आधी पलंगाच्या काठावर क्षणभर बसावे, स्टुलावर चढू नये, पुन्हा फिरल्यास यावे, असे त्यांनी बजावले. मात्र बोलणे बोबडे झाले, एकाचे दोन दिसू लागले किंवा हातपाय लुळे वाटले, तर तडक मोठे रुग्णालय गाठावे.

सारांश, फिरण्याची घटना खरी असून केवळ घटनास्थळ चुकले. दारावरची प्रत मी खरवडून काढली आहे. खोलीचे काय, ते सामनेवाले बोलत नाहीत. "खाली जाऊन त्यांस्नी नीट इचारा की," असे पत्नीचे म्हणणे. परंतु आमच्या धंद्यात असे तोंडी विचारत नाहीत.

सबब सामनेवाल्यांस नम्र विनंती की, खोली खाली करण्याचा आदेश मागे घ्यावा. इमारत स्थिर असल्याचा दाखला मी नव्या भाडेकरूंस विनामूल्य लिहून देईन. पत्नीने भांडी बांधायला घेतली असल्याने उत्तर आजच मिळावे. होय की नाही, एवढे जिन्यातून ओरडून सांगितले तरी ते लेखी समजण्यात येईल.