उघडी तीनचाकी

नातू झाला तेव्हा बायको पुण्याला मुलाकडे गेली. काही महिने राहून येणार होती. नातू आता शाळेत जायला लागलाय आणि ती तिथंच आहे. आमच्यात भांडण नाही. माजलगावात माझं कापडाचं दुकान आहे, ते मला सोडवत नाही. तिला नातू सोडवत नाही.

मागे पुण्याला गेलो, तेव्हा मुलाच्या सोसायटीत एकानं ही गाडी विकायला काढली होती. दोन चाकं पुढे, एक मागे. वर छत नाही, दारं नाहीत, शेजारी शेजारी दोघं बसतील एवढीच जागा. मी घेऊन टाकली. बायको म्हणाली, "या वयात? आणि शेजारी कोण बसणार?"

"तू," मी म्हणालो. ती हसली.

दिवाळीला आली तेव्हा एकदा बसली. बायपास यायच्या आत म्हणाली, "फिरवा मागं. कानात वारं जातंय." परत काही बसली नाही.

गावात गाडीचं कौतुक लई झालं. गॅरेजवाला माझा जुना दोस्त. त्यानं खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "रिक्षा उलटी जोडली का बे?" पोरं फोटो काढायची. फोटो झाला की ज्याला त्याला आपापलं काम असायचं. रविवारी दुकान बंद ठेवून मी एकटाच निघायचो. बहुतेक वेळा परळीवरून धर्मापुरीच्या देवळापर्यंत. उघड्या गाडीत ऊस, धूळ, शेणाचा वास सगळं अंगावर येतं. पण इंजिनाच्या आवाजात स्वतःशी बोललेलंही ऐकू येत नाही.

एका रविवारी दिंद्रुडच्या अलीकडं फाट्यावर एका म्हातारीनं हात केला. मी थांबलो.

"दिंद्रुडला लेकीकडं जायचंय. किती घेता?"

"रिक्षा नाही मावशी ही. पण बसा."

पिशवी मांडीवर घेऊन ती बसली, वर बघितलं. "वर काहीच न्हाई की याला."

मी गाडी हळू घेतली, तिचं बोलणं ऐकू यावं म्हणून. पदर तिनं दातात धरला होता, तरी बोलत होती. लेकीचं घर, जावयाची दुखरी पाठ, मेलेली म्हैस. मग विचारलं, "घरी कोण कोण हाय?"

"बायको, मुलगा, सून, नातू. सगळे पुण्याला."

"आन् तुमी कुठं निघालात?"

"असंच."

लेकीच्या दारात उतरल्यावर लेकीनं चहाला थांबवलं. म्हातारी सगळ्यांना सांगत होती, "लई चांगला माणूस हाय. एकटाच हाय बिचारा." मी कप ठेवला आणि निघालो.

धर्मापुरीला पोचलो, देवळाबाहेर गाडी लावली आणि बायकोला फोन केला. म्हणालो, "आज एक म्हातारी बसली होती शेजारी." पलीकडं नातू रडत होता. "संध्याकाळी सांगा ना," ती म्हणाली, "याला भरवतेय."

मी बरं म्हणालो. संध्याकाळी तिनं फोन केला, पण सुनेच्या नोकरीचं, पाण्याच्या टँकरचंच बोलणं झालं. म्हातारीचं तिनं विचारलं नाही आणि मीही काढलं नाही.